आत कोणीतरी आहे

९ जानेवारी

ताई,

मायन्यात वेळ घालवत नाही. "प्रिय" लिहिलं तर तुला खोटं वाटेल, नुसतं "ताई" लिहिलं तर मी अजून रागावलेली आहे असं वाटेल. तर तसंच समज.

पत्ता मामांकडून काढला. आधी बरेच आढेवेढे घेतले त्यांनी. "अडीअडचणीला म्हणून दिलाय तिने, उगाच नको," म्हणाले. मी म्हटलं, "मामा, तुमची सख्खी बहीण नाकात नळी घालून पडली आहे, याहून मोठी अडचण कुठून पैदा करू?" मग निमूटपणे सांगितला. तुझा नवा फोन नंबर त्यांच्याकडेही नाही. माझे मेल तू न उघडता टाकून देतेस हे मला कोणी सांगायला नको, तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. म्हणून हा कागद. पोस्टातली बाई म्हणाली, दोन आठवडे तरी धरून चाला, कधी जास्तही.

आईला गेल्या वर्षीच घरी आणलं आहे. हो, तू नको म्हणाली होतीस तरी. दवाखान्यात तिच्या खोलीबाहेर तू म्हणालीस, "आईच्या श्वासावर तुझे प्रयोग नकोत, तिला डॉक्टरांच्या नजरेखाली राहू दे." मी म्हणाले, "उद्या विमानात बसणार आहेस ना, मग उंटावरून शेळ्या हाकू नकोस." त्यावर तू जी बॅग उचललीस ती उचललीसच. एक गोष्ट तुला माहीत नाही. दार लोटलेलं आहे असं समजून आपण भांडलो, पण ते उघडं होतं. तुझी टॅक्सी गेली आणि मी आत गेले तर आई म्हणाली, "मला घरी ने." तेव्हा निर्णय माझा नव्हता.

तिच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन आहे. दिवसा नर्सबाई असतात, मी सहाला पोचते. मधल्या वेळात माझा जीव टांगणीला लागतो, म्हणून मशीनच्या पाठीत आपलं कार्ड बसवलं. तेच, ज्याचं सर्किट जेवणाच्या टेबलावर तू आखलंस आणि आतला प्रोग्राम मी लिहिला. माझी कंपनी आता ही कार्डं मोठमोठ्या मशीनमध्ये घालून विकते. ऑर्डर आली की मी ग्राहकाकडे जाते, एकेकाला पत्ता देते, नाव देते, धोक्याची घंटा कितीला वाजवायची ते भरते. आईच्या कार्डालाही तसंच सगळं भरलं. ऑफिसात बसून फोनवर त्याचं पान उघडते: ऑक्सिजन किती लिटर, वीज आहे की बॅटरी, आतला पंखा फिरतोय की नाही. कार्ड फक्त बघतं, मशीनला हात लावत नाही. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर पुन्हा म्हणशील प्रयोग.

तुझे सगळे हट्ट अजून त्यात तसेच आहेत. तू निवडलेली चिप एवढीशी, त्यामुळे पानात एका वेळी एकच माणूस. दुसरा आला की मी त्याच्या तोंडावर "एरर ५०३" फेकायची, आणि तू म्हणालीस, "माणसाशी असं बोलतात का? बाथरूमचं दार वाजलं की आपण काय ओरडतो? तेच लिही." म्हणून अजूनही तिथे येतं: "आत कोणीतरी आहे. जरा थांबा." अख्ख्या धंद्यात इतकं घरगुती वाक्य दुसऱ्या कुठल्या यंत्रात नसेल.

आणि तो निळा दिवा. एकसारख्या शंभर पेट्यांच्या रांगेत नेमकी बिघडलेली कुठली, ते सापडावं म्हणून लांबून लुकलुकवायचा दिवा. पानावरच्या बटणाला "कुठे आहेस?" हे नाव तूच दिलंस. तिथला माणूस पेटी शोधतो, पेटीवरची कळ दाबतो, दिवा विझतो आणि लांबच्या माणसाच्या पानावर उमटतं, "इथे आहे."

पानाचा पत्ता खाली लिहिते. पासवर्ड कारखान्यातून येतो तोच. ग्राहकांना आपण तो बदला बदला म्हणून कंठशोष करतो आणि आपल्याच घरी दिव्याखाली अंधार.

माझ्याशी बोलू नकोस. मागते आहे ते एवढंच: पान उघड, ते बटण दाब. आई आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डावर बसली. दिवा लागला की पलीकडे माणूस आहे, हे तिला समजावून सांगावं लागत नाही. कळीपर्यंत तिचा हात पोचतो, मी बघून घेतलं आहे. संध्याकाळी सातला तिला जाग असते. तुझ्याकडे तेव्हा सकाळ असेल, ऑफिसला निघायच्या आधी जमेल.

शेपूट

२ फेब्रुवारी

ताई,

पत्र पोचलं असावं असा माझा अंदाज आहे. दिवा लागला नाही.

मूर्खपणा माझाच. तुझं उत्तर यायच्या आधीच मी आईला सांगून बसले की ताई तुला रोज सातला हाक मारणार आहे. तेव्हापासून ती साडेसहालाच उशी उंच करून घ्यायची आणि मशीनकडे तोंड करून बसायची. पहिले काही दिवस तिने काही विचारलं नाही. मग एकदा म्हणाली, "तिकडे उजाडायला उशीर होत असेल, हिवाळा आहे." आणखी एका संध्याकाळी म्हणाली, "कार्डात काही बिघाड नाही ना गं? तू केलंयस म्हणून विचारते." ताई, स्वतःच्या कामावर घेतलेला संशय मला आयुष्यात पहिल्यांदाच गोड वाटला. मी म्हटलं, बघते.

आणि स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून फोनवर पान उघडलं, आणि बटण दाबलं.

बाहेरून आईचा आवाज आला, "लागला! अगं लागला!" नाकात नळी असताना इतक्या मोठ्याने बोलायचं नसतं. मी पळत गेले तर तिचा हात कळीवर होता आणि ती विझवत नव्हती, नुसती बघत होती. मग विझवला. "पोचलं म्हणावं," म्हणाली.

तेव्हापासून रोज सातला तू आईला हाक मारतेस. दुधाची तहान ताकावर भागवते आहे मी तिची, पण भागते आहे. तुला आता हे सगळं माहीत असायला हवं, उद्या चुकून आलीस तर माझी फजिती नको, म्हणून तुझी हालहवाल कळवते. तुला मधे सर्दी झाली होती, आता बरी आहेस. घर बदललंस, नव्या घराच्या खिडकीतून एक मोठं झाड दिसतं. हाताखाली दोन माणसं आली आहेत, त्यातला एक कामचुकार आहे. (आई म्हणाली, "त्याचं काही खरं नाही.") या बातम्या दर रविवारी तुझ्या मेलमधून मी वाचून दाखवते, म्हणजे रिकाम्या फोनकडे बघत रचते. माझं बरं चाललं आहे. तू माझ्याशी कधी बोलायचीस त्यापेक्षा जास्त हल्ली माझ्या तोंडून बोलतेस.

एकदा मेल "वाचताना" आईने विचारलं, "तुझ्याबद्दल काही लिहिलंय?" मी म्हटलं, "हो, शेपटाला सांग म्हणते, वेळेवर जेवत जा." आईने मान हलवली. मग मी भांडी घासायला गेले आणि नळ मोठा सोडून रडले, कारण ते वाक्य, तू मला ठेवलेल्या नावासकट, रचायला मला एक क्षणही लागला नाही.

तू रागावली आहेस, ठीक आहे. तुझा राग तू माझ्यावर काढ, मी मजबूत आहे. पण बटण दाबायला बोलावं लागत नाही गं.

शेपूट

२० फेब्रुवारी

ताई,

तू आत आहेस.

गेल्या सोमवारी सातला नेहमीप्रमाणे ओट्याशी उभी राहिले, पान उघडलं, आणि पानाने मलाच सांगितलं, "आत कोणीतरी आहे. जरा थांबा." या पानाचा पत्ता आपल्या दोघींनाच माहीत. आधी वाटलं ऑफिसच्या मशीनवर माझंच पान उघडं राहिलं असेल. पण पाच मिनिटं हात लावला नाही तर कार्ड आपणहून बाहेर काढतं, तेही मीच लिहिलं आहे. मी थांबले. पुन्हा उघडलं. आत कोणीतरी आहे. खरं सांगते, मी फोनच्या काचेवरून हात फिरवला. आता तू दाबशील, आता दिवा लागेल, म्हणून दारातून आईच्या खोलीकडे बघत उभी राहिले.

नाही लागला.

तू पाऊण तास आत होतीस. म्हणजे मधूनमधून पान ताजं करत होतीस, जागी होतीस, आकडे बघत होतीस. आणि आई उशी उंच करून मशीनकडे बघत होती. मी मधे नुसती उभी. तू आत असेपर्यंत मला दिवा लावता येत नाही, हे तुझ्या लक्षात येत नाही का? चिप तू निवडलीस ना? तू बाहेर पडलीस तोवर आईच्या गोळ्यांची वेळ झाली, ती झोपली. झोपताना म्हणाली, "आज चुकामूक झाली वाटतं."

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. रोज सातच्या ठोक्याला तू हजर, आणि रोज दिवा गप्प. मी सकाळी सातला दिवा लावून बघितला, तर आई म्हणाली, "आत्ता? आत्ता तिच्याकडे रात्र, झोपायचं सोडून काय करते ही?" आणि दिवसभर तुझी काळजी करत बसली. तिला शेंडी लावणं सोपं नाही.

ऑफिसात मी दोन माणसांची सोय करता येते का ते बघितलं. पानावरचं चित्र काढलं, अक्षरं साधी केली, जागा निघाली. आमच्या साहेबांनी खांद्यावरून वाकून विचारलं, "हे कुठल्या ग्राहकासाठी?" मी म्हटलं, "जुना ग्राहक आहे." पण चालू मशीनवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं नाही, हा नियम तुझाच, आणि तो बरोबर आहे. चढवताना कार्ड मधेच अडकलं तर धोक्याची घंटा मुकी होईल. आईच्या उशाशी मी ते करणार नाही. बघ, प्रयोग करत नाही मी.

कार्ड बंद करून चालू केलं तर तू बाहेर फेकली जाशील, तेही मला कळतं. काल स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन मशीनमागे बसलेही होते. उठले. तुला बाहेर काढायला हात होईना. वर्ष होत आलं, तुझा आवाज नाही, अक्षर नाही, आणि आता एवढं एक वाक्य मिळतं आहे, तेही माझंच टाइप केलेलं. ते रोज वाचायला मी सातची वाट बघते. तिकडे आई दिव्याची बघते.

पण हे असं चालणार नाही. तुला दिव्याचं सगळं माहीत आहे. माहीत असून नुसतं बघत बसतेस, याला काय म्हणू? अशी दारात उभी राहून कोणाच्या घरात डोकावू नये. दाब, नाहीतर बाहेर हो.

शेपूट

१ मार्च

ताई,

मागचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाक. पोचलं नसेल तर न वाचता फाड. हे आधी वाच.

परवा संध्याकाळी मी ओट्याशी उभी होते आणि आईने हाक मारली, "इकडे ये. फोन घेऊन ये." गेले. म्हणाली, "बस. तू स्वयंपाकघरात गेलीस की दिवा लागायचा. मी विझवला की तू बाहेर यायचीस. इतकी वर्षं बोर्डावर काढली, बाई. ऑपरेटरला फसवतेस?"

म्हटलं, "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला बरं वाटत होतं ना."

ताई, मी तिच्यासाठी रोज खोटा दिवा लावत होते आणि ती माझ्यासाठी रोज तो खरा असल्यासारखा विझवत होती. तुझी सर्दी, तुझं झाड, तुझा कामचुकार, सगळं तिने मान हलवत ऐकून घेतलं. मला म्हणाली, "कामचुकाराचं मात्र छान जमलं होतं."

मग मी सगळं सांगितलं. तू सातला येतेस, आत बसतेस, दिवा लावत नाहीस आणि मलाही लावता येत नाही. सांगताना मला रडू आवरेना. आई ऐकत होती, आणि हळूहळू तिचा चेहरा असा काही खुलला की मी रडायची थांबले.

"म्हणजे लाइन बिझी आहे," ती म्हणाली.

"हो."

"मग रडतेस कशाला? बिझी म्हणजे पलीकडे माणूस आहे. डेड लाइन वेगळी. डेड लाइनला काहीसुद्धा ऐकू येत नाही." थोडा दम घेतला तिने. "दिवा लागायचा तेव्हा तू असायचीस. नाही लागत तेव्हा ती असते. हे आधी सांगितलं असतंस तर इतके दिवस मी उगाच तोंड पाडून बसले नसते."

मी म्हटलं, "पण ती दाबत का नाही?"

"तू तिला कळवलं होतंस ना, की दिवा तू लावतेस आणि मी हाताने विझवते? मग ती तेच बघायला येत असेल. तिच्या पानावर दिसतं ना काहीतरी?"

दिसतं. "इथे आहे."

ताई, माझ्या डोक्यात हे कसं आलं नाही? तू दोन फेब्रुवारीचं पत्र वाचलंस, आणि सातला आईचा हात बघायला आलीस. मी दिवा लावेन आणि आई विझवेल, आणि ते दोन शब्द तुझ्यापुढे उमटतील, म्हणून तू आत बसून वाट बघतेस. आणि तू आत आहेस म्हणून मला दिवा लावता येत नाही, म्हणून काही उमटत नाही, म्हणून तू आणखी बसतेस. ज्या चिपचा तुला अभिमान आणि ज्या वाक्याचा मला, त्या दोघांनी मिळून आपल्याला दाराच्या दोन बाजूंना कोंडलं. आपलेच दात, आपलेच ओठ. तुला आजवर त्या कार्डात तू एकटीच असायची सवय, दुसरी कोणी बाहेर ताटकळली असेल हे तुझ्या मनातही आलं नसेल. मी तुला काय काय बोलले त्या पत्रात!

आता आमचं असं असतं. पावणेसातला आई केस विंचरून घेते. सात वाजले की म्हणते, "बघ गं, बिझी आहे का?" मी बघते आणि सांगते, "बिझी आहे." "असू दे, असू दे," म्हणते आणि उशीला टेकते. काल तिने मशीनकडे तोंड करून तुला सांगितलं की आज दोन घास जास्त गेले आणि नर्सबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. कार्डाला कान नाहीत हे तिला माहीत आहे. म्हणाली, "बोलायला काय जातंय."

डॉक्टर परवा येऊन गेले. मशीनचा आकडा वाढवला आहे, तुला पानावर दिसलाच असेल, दोनाचा चार. त्याचा अर्थ तुला माझ्याइतकाच कळतो. येता आलं तर ये. आई असं म्हणत नाही, मी म्हणते आहे. माझा राग संपला आहे, आणि ते मी तुला विमानतळावर उभी राहून मोठ्याने सांगेन, चारचौघांत, हवं तर.

येता आलं नाही तर नुसती आत राहा. दाबू नकोस, बाहेर जाऊ नकोस. तशीच बसून राहा.

शेपूट

१० मार्च

ताई,

आई काल दुपारी गेली.

मी ऑफिसात होते. आकडे सगळे ठीक होते. ऑक्सिजन चार लिटर, वीज आहे, पंखा फिरतोय. मी जेवणाच्या सुट्टीत पान बघितलं आणि डबा उघडला, तेवढ्यात नर्सबाईंचा फोन आला. आपल्या कार्डाने सांगितलेलं सगळं खरं होतं, मशीन शेवटपर्यंत उत्तम चालू होतं. आईचं त्यात काही दिसत नव्हतं. ते दिसावं असं आपण काही बसवलंच नव्हतं. झोपेतच गेली, नर्सबाई शेजारी बसून विणत होत्या, त्यांनाही मागाहून कळलं. मी पोचले तेव्हा त्यांनी मशीन बंद केलेलं होतं. घरात इतकी शांतता होती की मला आधी वाटलं वीज गेली.

मामा आले. लोक आले, गेले. जे करायचं ते झालं. तुझा नंबर मिळावा म्हणून मामा तुझ्या जुन्या ऑफिसात फोन लावत होते, तिथे कोणी उचलेना. संध्याकाळी मामा खोलीत खुर्चीवर बसले होते आणि मी आईच्या चादरी घडी करत होते. सात वाजले. हात आपोआप फोनकडे गेला.

आत कोणीतरी आहे. जरा थांबा.

मशीन बंद होतं, पण तू हट्टाने कार्डाला वेगळी छोटी बॅटरी लावली होतीस ना, "मशीन मेलं तरी निरोप सांगायला कोणीतरी जिवंत हवं" म्हणून. कार्ड चालू होतं. तुझ्यापुढे पान होतं आणि पानावर शून्य लिटर होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, ताई, बघू नकोस. मी चादर हातात धरून तशीच उभी राहिले.

आणि दिवा लागला.

मामा दचकून उठले. "हे काय गं?" खोलीभर निळा उजेड येत होता, जात होता. पलंगावर, उशीवर, तिच्या फणीवर. पहिल्यांदाच तो दिवा स्वयंपाकघरातून लागला नव्हता.

माझं ते फाडून टाक म्हणाले होते ते पत्र तुला कालच पोचलं असणार. दाब नाहीतर बाहेर हो. तू माझं ऐकलंस. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हटल्याबरोबर ऐकलंस. की वरचा शून्य बघून घाबरून दाबलंस, की वर बघितलंच नाहीस, थेट खाली बटणाकडे गेलीस? मला कळायला मार्ग नाही. तू विचारलंस, "कुठे आहेस?" आणि खोलीत ते विचारायचं जिला, ती नव्हती.

मामा म्हणाले, "बंद कर तो दिवा, बघवत नाही." मी कळीवर बोट ठेवलं. ताई, एक बोट दाबलं असतं तर तुझ्यापुढे उमटलं असतं, "इथे आहे." इतके दिवस त्या दोन शब्दांसाठी तू सकाळी सकाळी येऊन बसत होतीस. तुला आईची आणखी एक संध्याकाळ मिळाली असती, आणि खोटे दिवे लावण्यात माझा हात चांगलाच बसलेला आहे. मी बोट काढून घेतलं. आईने माझा एकही खोटा दिवा खरा मानला नव्हता, नुसता विझवला होता. तुला मी तो खरा म्हणून देऊ शकत नाही.

रात्र कशी गेली ते विचारू नकोस. सकाळी तोंड धुवून पान उघडलं. आत कोणीतरी आहे. पाच मिनिटं हात लावला नाही तर कार्ड बाहेर काढतं, ताई. म्हणजे तू तेव्हापासून तिथेच आहेस, पानाला हात लावत, उत्तराची वाट बघत. मला तिथे येता येत नाही. तू बाहेर पडल्याशिवाय मला तुला काही सांगता येत नाही, आणि तू बाहेर पडावीस असं मला वाटत नाही. म्हणून पुन्हा कागद. पोचेल तेव्हा पोचेल.

बॅटरी संपू नये म्हणून कार्डाला मी वेगळी वायर जोडली आहे. मशीन भाड्याचं आहे, ते लोक उद्या न्यायला येतील, पण कार्ड मी काढून आईच्या पलंगाशेजारी टेबलावर ठेवेन. वायर न सोडता, जपून काढेन. दिवा चालूच राहील. मामा रागावले तरी राहील. तो तू लावला आहेस. ये, आणि तुझ्या हाताने विझव.

मी घरी नसले तर किल्ली खालच्या शिंप्याकडे आहे.

शेपूट